संयुक्त रांग योजनेचा जनक

२ जानेवारी, सकाळी ७.१०

नवी वही. संकल्प कालच करायचे होते, पण काल सुट्टी होती आणि सुट्टीच्या दिवशी काम करणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

संकल्प: रोज लिहिणं. ऑफिसात पाच मिनिटं आधी पोचणं. देशासाठी एक मोठं काम करणं (कोणतं, ते या आठवड्यात ठरवतो).

वहीच्या रेघा फार फिक्या छापल्यात. बायकोला दाखवल्या. म्हणाली, अहो, रेघा चांगल्या ठसठशीत आहेत, डोळे दाखवून या. आयुष्यभर शाळेत शिकवलं की समोरच्यात काहीतरी कमी दिसायला लागतंच.

५ जानेवारी

दोन दिवस लिहिलं नाही. विचार चालू होता.

ऑफिसात गर्दी. आमचं परदेशी नागरिक परवाना कार्यालय म्हणजे देशाचा दरवाजा, आणि टेबल क्रमांक तीन, म्हणजे मी, त्या दरवाज्याची कडी. इथे राहायला येणाऱ्याच्या अर्जात एकवीस रकाने असतात. एक ते नऊ माझे: नाव, पत्ता, फोटो, सही वगैरे. दहापासून पुढचे पाच नंबर टेबलावरच्या बाईंचे. सव्वीस वर्षांत मी दहाव्या रकान्यावर नजर टाकलेली नाही. दुसऱ्याच्या कामात डोकावणारा मी नव्हे.

आज एकाचा फोटो परत केला. शेरा: कान स्पष्ट दिसत नाहीत. नियम साफ आहे, दोन्ही कान दिसले पाहिजेत. हा त्याचा तिसरा फोटो. माणूस सभ्य आहे, आपली भाषा पुस्तकातून शिकल्यासारखी बोलतो. स्वतःच्या कानांना हात लावून म्हणाला, साहेब, मग हे काय आहेत? मी म्हणालो, ते आहेत याबद्दल दुमत नाही. फोटोत हवेत.

मनातल्या मनात त्याचं नाव कानवाला ठेवलं.

९ जानेवारी, संध्याकाळ

मेहुणा आला होता. सरकारी दवाखान्यात स्टोअर सांभाळतो, त्यामुळे स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. बायकोने त्याच्यासमोर माझी उलटतपासणी घेतली. परवा जिन्यात कुणाशी बोलत होतात? मी म्हणालो, खालच्या मजल्यावरच्या वकिलांशी. ती म्हणाली, तो त्यांचा वाळत घातलेला रेनकोट होता. मेहुणा चहा सांडेपर्यंत हसला. रेनकोट वकिलांचाच होता, म्हणजे माझा अंदाज अगदीच चुकला असं नाही.

मेहुणा म्हणाला, भावोजी, हा मोतीबिंदू आहे. मी म्हणालो, हा जिन्यातला बल्ब आहे.

तरी माहिती असावी म्हणून विचारून घेतलं. दवाखान्यात दोन वर्षं डोळ्यांचा सर्जनच नाही. इथला कुणी यायला तयार नाही. शेवटी बाहेरदेशातला एक नेमला, हात चांगला आहे म्हणतात, पण त्याचा कागद कुठल्याशा ऑफिसात अडकलाय.

माझा संताप झाला. कुठल्यातरी टेबलामागे कुणीतरी ढिम्म बसलाय आणि शेकडो लोक आंधळे व्हायची वेळ आलीय. असल्या माणसांमुळे देश मागे राहतो. बायको म्हणाली, तुमच्याच ऑफिसात नसेल ना? मला हसू आलं. आमच्याकडे डॉक्टर येत नाहीत. अर्जदार येतात.

१३ जानेवारी

बायकोने परस्पर माझं नाव दवाखान्याच्या यादीत घातलं. क्रमांक १४३. सर्जन नाही तर यादी कशाला, असं विचारलं. तो आल्यावर धावपळ नको म्हणून, असं तिला तिथे सांगितलं म्हणे. आणि दर मंगळवारी जाऊन कार्डावर हजेरीचा शिक्का मारून आणायचा. एक शिक्का चुकला की माणूस बरा झाला असं धरून नाव कापतात.

व्यवस्था नामी आहे. पण मी आणि रांगेत? टेबल तीन रांगेच्या दुसऱ्या बाजूला असतं.

१४ जानेवारी, सकाळी ६.४०

सापडलं. दाढी करताना सुचलं (दोन ठिकाणी कापलं, हल्ली आरशांचा दर्जा घसरलाय).

दवाखान्यांचा प्रश्न म्हणजे मुळात काय? रांग. परदेशी लोकांचा प्रश्न म्हणजे काय? तीही रांगच. दोन मंत्री दोन रांगांशी वेगवेगळे झुंजतायत आणि रांगा मात्र एकाच शहरात, चार स्टॉपच्या अंतरावर. एकीतल्या माणसांना उभं राहवत नाही. दुसरीतली धडधाकट आहेत आणि उभं राहण्यावाचून त्यांना काम नाही.

संयुक्त रांग योजना. एका रुग्णामागे एक परदेशी. रुग्णाने घरी पडून राहावं, परदेशी त्याच्या जागी उभा राहील. एक दिवस उभं राहिल्यास एक आठवड्याचा परवाना.

लाभ: रुग्णाला विश्रांती मिळते. विश्रांतीने निम्मे तसेच बरे होतात, उरलेल्यांना निदान स्वतःच्या अंथरुणात मरता येतं (हे वाक्य अंतिम मसुद्यातून काढणे). परदेशी माणूस रांगेत आपली भाषा शिकतो, ढकलाढकली शिकतो, तोंडावर खिडकी बंद झाली तरी उद्या पुन्हा येतो. नागरिक म्हणून आणखी काय पाहिजे? अशी चार वर्षं काढली की त्याला नागरिकत्व. मधल्या काळात रुग्ण गेलाच तर त्याचा नंबर उभ्या माणसाला वारसाहक्काने मिळेल.

डॉक्टरांची गरज जवळजवळ संपते.

१५ जानेवारी

योजना बायकोला वाचून दाखवली. तिने एकच विचारलं. रांगेच्या पुढच्या टोकाला कोण बसलेलं असेल? मी म्हणालो, तो तपशील झाला.

ऑफिसात पाच नंबरच्या बाईंनाही सांगितली. त्या म्हणाल्या, तीन नंबर, माझ्याकडे तुमच्याकडून महिन्यात अकरा अर्ज आलेत, आणखी थोडे सोडाल तर बरं. कार्यक्षमतेची असूया.

१९ जानेवारी

प्रयोगासाठी एक रुग्ण आणि एक परदेशी हवा. रुग्ण, निव्वळ कागदोपत्री, मी आहेच.

दुपारी कानवाला चौथा फोटो घेऊन आला. पुन्हा चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना धुकं. मी शेरा मारला आणि लगेच, माणुसकी म्हणून, त्याला योजना समजावली. उद्या माझं कार्ड घेऊन उभं राहायचं. कुठल्या विभागात, त्याने विचारलं. डोळे, मी म्हणालो. त्याने जरा पुढे वाकून माझ्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाला, साहेब, एकदा रकाना चौदा वाचा ना.

मी त्याला तिथेच थांबवलं. चौदा बाईंच्या टेबलावर वाचला जाईल, आणि अर्ज बाईंच्या टेबलावर माझा शेरा निघाल्यावर जाईल. क्रम म्हणजे क्रम.

तो म्हणाला, चालेल, उभा राहतो. निदान त्या इमारतीत तरी शिरायला मिळेल.

२० जानेवारी, मंगळवार

प्रयोग यशस्वी. शिक्का आला. मी दिवसभर टेबलावर होतो, म्हणजे देशाचं दुहेरी काम झालं. परवान्याचा आठवडा त्याला देता आला नाही, कारण तसा शिक्का अजून अस्तित्वात नाही. तोंडी दिला.

२७ जानेवारी

यादी ११८ वर आली. पंचवीस माणसं एका आठवड्यात कमी. मी फक्त एक परदेशी वापरलाय.

येताना चुकीच्या बसमध्ये बसलो. बसवर नंबर इतका बारीक लिहितात की लिहिणाऱ्यालाही वाचता येत नसेल. डेपोपर्यंत गेलो. तिथून चालत आलो, व्यायाम झाला.

३ फेब्रुवारी

यादी ७४. मेहुणा तक्रार घेऊन आला, की कौतुक घेऊन, ते कळलं नाही. भावोजी, तुमचा माणूस खिशात टॉर्च घेऊन येतो आणि रांगेतल्या माणसांचे डोळे बघतो. एका आजोबांना म्हणाला, तुम्हाला काही झालेलं नाही, दुकानदाराने डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवलीय. एका बाईंना सांगितलं, तुम्ही सहा महिने भलतेच थेंब घालताय. लोक कार्ड परत करून हसत घरी चाललेत. सगळे त्याला डॉक्टर म्हणायला लागलेत.

मला हे पसंत पडलं नाही. उभं राहायला सांगितलं तर उभं राहावं. पण आकडे बोलतात. परदेशी माणूस शेजारी उभा आहे म्हटल्यावर आपल्या माणसाला आजारी राहायची लाज वाटते, असं माझं निरीक्षण आहे. याला नैतिक दबाव म्हणता येईल. टॉर्चच्या छंदाकडे कानाडोळा करायचं ठरवलं.

५ फेब्रुवारी

अहवाल दोन्ही मंत्रालयांना पाठवला. आठ पानं. छापून झाल्यावर पाच नंबरच्या बाईंनी कार्यालयप्रत चाळली आणि म्हणाल्या, तीन नंबर, प्रिंटरची शाई संपली होती, सहा ते आठ कोरीच गेलीत. मी म्हणालो, मला माहीत आहे. त्या पानांत संभाव्य अडचणी होत्या. अडचणी सुरुवातीलाच मांडू नयेत.

(मला माहीत नव्हतं. पण पानं हातात घेतल्यावर भरलेली वाटली होती.)

१० फेब्रुवारी, संध्याकाळ

नसती आफत.

कानवाला शिक्का मारलेलं कार्ड द्यायला घरी आला. बायकोने चहा दिला. म्हणाली, तुम्ही रांगेतल्या सगळ्यांना बघता, यांनाही बघा जरा. मी नको म्हणेपर्यंत टॉर्च डोळ्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पूर्ण पिकलाय, डावा त्याच्या मागोमाग चाललाय. उशीर केला तर काम अवघड होईल, म्हणाला. वेळेत केलं तर एका डोळ्याला वीस मिनिटं.

बायकोने विचारलं, कोण करणार वीस मिनिटांचं काम? तो म्हणाला, मीच, दवाखान्याने वर्षापूर्वी मलाच नेमलंय, फक्त परवाना हातात आला की झालं. ती म्हणाली, कुठे अडलाय? त्यावर तो कपातल्या चहाकडे बघत बसला. अतिशय सुसंस्कृत माणूस.

बायकोने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही, पण दिसायची गरज पडली नाही.

तो गेल्यावर ती म्हणाली, उद्या सही करा. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी

रात्री विचार केला. सही करता येत नाही.

कालपर्यंत करता आली असती. काल मला तो कोण आहे ते माहीत नव्हतं, त्यामुळे मी निःपक्ष होतो. आज माहीत आहे. आज मी त्याचा अर्ज सोडला तर त्यात माझ्या डोळ्यांचा फायदा आहे. याला हितसंबंध म्हणतात. सव्वीस वर्षांत माझ्यावर एक डाग नाही.

बायकोला समजावलं. ती म्हणाली, डाग तुम्हाला दिसला तरी असता का?

१२ फेब्रुवारी

मधला मार्ग काढला. फाईल साहेबांच्या अभिप्रायासाठी वर पाठवली. टीप जोडली: ‘फोटोतील कानांबाबत अधोस्वाक्षरीकर्त्यास व्यक्तिगत कारणास्तव मत देता येत नाही.’ माझ्या नोकरीतली सर्वांत सुंदर टीप.

साहेब प्रशिक्षणाला गेलेत. दोन मार्चला येतील. विषय: निर्णयप्रक्रिया गतिमान करणे.

१७ फेब्रुवारी

यादी ५१. पाठीवर थाप मारायला कुणी नसल्यामुळे सत्काराची तयारी स्वतःच सुरू केली. शिंप्याकडे कोटाचं माप दिलं. भाषणाचा मुद्दा: मी फक्त दोन रांगा जवळ आणल्या.

बायको हल्ली रस्ता ओलांडताना माझी बाही धरते. तिला गर्दीची भीती वाटायला लागलीय बहुतेक.

२४ फेब्रुवारी

यादी ३६. मेहुणा म्हणाला, आता उरलेत ते खरे ऑपरेशनचे. या छत्तीस जणांना टॉर्चने काही होणार नाही, सुरीच लागेल. कानवाला कधी लागतोय कामाला? मी म्हणालो, प्रकरण विचाराधीन आहे. तो म्हणाला, भावोजी, त्या छत्तीसांत तुम्हीपण आहात.

आकड्यांमध्ये व्यक्ती शोधणारे लोक मोठा विचार करू शकत नाहीत.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ ५.३०

मंत्रालयाचं पत्र. मी सांगितलं, बायको, तू वाच, मी ऐकतो, मान तुझा. तिने उभ्याने वाचलं.

परिच्छेद एक. आपल्या अहवालाची मंत्रालयाने गांभीर्याने नोंद घेतली आहे. (मी कोटाचा विचार केला.)

परिच्छेद दोन. दवाखान्याच्या ताज्या आकड्यांनुसार आपल्या शहरात केवळ रांगेच्या पुनर्रचनेतून नेत्रविभागाची यादी १४३ वरून ३६ वर आल्याचं पाहून मंत्रालय प्रभावित झालं आहे. योजना देशभर राबवण्यात येईल.

बायको थांबली. मी म्हणालो, पुढे वाच. ती म्हणाली, पुढचं तुम्हीच वाचा. मग आठवलं तिला, आणि वाचलं. परिच्छेद तीन. यादी चाळीसच्या आत असल्यास सर्जनचं पद ठेवता येत नसल्याने, सदर दवाखान्यातील रिक्त पद एक मार्चपासून रद्द करण्यात येत आहे. या बचतीचं श्रेय आपल्याला जातं.

तिने पत्राची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि आत गेली.

श्रेय मिळालं, एवढं खरं.

२ मार्च

साहेब आले. आल्याआल्या फाईल काढली. पाच मिनिटांत माझ्याकडे परत. प्रशिक्षणाचा उपयोग झालेला दिसतो. अभिप्राय बाईंना वाचायला सांगितला: दोन्ही कान स्पष्ट दिसतात. चारही फोटोंत दिसतात. डाव्या कानावरचा तीळसुद्धा दिसतो. मंजूर.

फाईल ताबडतोब बाईंच्या टेबलावर गेली. त्यांनी रकाना चौदा वाचला, नेत्रसर्जन. रकाना पंधरा वाचला, नेमणुकीचं पद. म्हणाल्या, तीन नंबर, हे पद कालच रद्द झालंय, नोकरी नाही तर परवाना कसला? आणि नामंजूरचा शिक्का मारला. त्यांचाही इलाज नव्हता. त्यांचा आवाज मात्र जरा बसला होता. सर्दी असावी.

बाहेरच्या बाकावर कानवाला बसलेला होता. तोच होता अशी खात्री करायला मी जवळ गेलो. तोच होता. मी म्हणालो, फोटो मंजूर झाले. तो म्हणाला, आभारी आहे.

५ मार्च

कानवाला गेला. शेजारच्या देशाने त्याला बोलावून घेतलं, नऊ महिन्यांपासून मागे होते म्हणे, तोच थांबला होता. जाण्याआधी बायकोच्या शाळेत जाऊन तिच्याकडे एक चिठ्ठी दिली. तिथल्या दवाखान्याचा पत्ता आहे. वर लिहिलंय, मेअखेरच्या आत आणा, शक्यतो आधी.

माझ्यासाठी निरोप नव्हता. आमच्यात निरोपाची औपचारिकता लागत नाही, असा मान मागून मिळत नाही.

१९ मार्च

योजना देशभर सुरू. अकरा शहरांतून बातम्या. परदेशी माणसं दवाखान्यात उभी आहेत, पण यादी वाढतेय. रुग्णही सोबत येऊन उभे राहतात, आपला माणूस नीट उभा आहे ना ते बघायला. दोन रांगांच्या ठिकाणी दुप्पट लांबीची एक झाली. आरोग्य खातं म्हणतं, परदेशी खात्याची चूक. परदेशी खातं म्हणतं, आरोग्याची. यापूर्वी दोन्ही खाती एकमेकांशी बोलतही नव्हती.

इथली यादी पुन्हा ९७. सर्जनचं पद पुन्हा निर्माण करायला समिती नेमलीय. पहिली बैठक सप्टेंबरात.

२८ मार्च

टेबल तीनवरून हलवलं. साहेब म्हणाले, तुमच्या अनुभवाला साजेसं काम आहे, रेकॉर्डरूममध्ये. तिथे खिडकी नाही. फायली जाडीवरून ओळखायच्या असतात. मला जमतंय. शिंप्याने कोट आणून दिला, काळा मागितला होता, बायको म्हणते निळा आहे. परत केला नाही.

६ एप्रिल

वहीत आता एका पानावर चारच ओळी बसतात. बायकोने जाड स्केचपेन आणून दिलं, तिच्या शाळेतलं, लाल. ती माझ्याशी पुन्हा बोलायला लागलीय. पहिलं वाक्य, फॉर्म आणलाय.

१६ एप्रिल

शेजारच्या देशाची व्हिसा कचेरी. सकाळी आठपासून रांगेत. मला बाकावर बसवून बायकोने फॉर्म भरला, मी सांगत गेलो. येण्याचं कारण या रकान्यात मी सांगितलं, लिही: उभय देशांच्या आरोग्य व स्थलांतर धोरणांचा तौलनिक अभ्यास आणि उच्चस्तरीय सल्लामसलत. ती बराच वेळ लिहीत होती. मला समाधान वाटलं.

सव्वाबाराला खिडकीवर आलो. आतली मुलगी तरुण होती, आवाजावरून. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा फॉर्म वाचला, एकही रकाना न सोडता. येण्याचं कारण मोठ्याने वाचलं, कारण नियम तसा आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकट्याला रस्ता ओलांडता येत नाही. बायको सोबत येत आहे.

मग विचारलं, हे बरोबर आहे का?

मागे चाळीसएक माणसं उभी होती. मी सांगणार होतो की अर्ज भरताना थोडी तांत्रिक चूक झाली आहे. बायकोने कोटाची बाही धरून ठेवली होती.

म्हणालो, बरोबर आहे.

मुलगी म्हणाली, मग इथे सही करा. मी विचारलं, कुठे? बायकोने माझं बोट धरलं आणि जागेवर नेऊन ठेवलं.